ॲसिडमामाचा अंगठा

प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुणाऱ्या माणसाला कोणी त्याच्या नावाने हाक मारत असेल, असं तुम्हाला वाटतं का? छे! त्याचं नाव विचारलं असतं तर मुख्याध्यापकांनीही डोकं खाजवलं असतं. फार वर्षांपूर्वी एका नवशिक्या मास्तरांनी पाण्याच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवलं, याने पाणी समजून त्याच ॲसिडने टेबल पुसलं आणि अंगातल्या निळ्या कोटाची चाळण करून घेतली. पोरांनी त्याच दिवशी बारसं उरकलं, ॲसिडमामा. पुढे कोट नवा आला, मिशा पांढऱ्या झाल्या, नाव तेवढं चिकटलं ते चिकटलंच.

माणूस सुतासारखा सरळ. पण गप्प नव्हे हो! सरळ माणसं गप्प असतात हा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. याची जीभ दिवसभर चालायची. चंचुपात्र फोडणाऱ्या पोराला म्हणायचा, "फोडा, फोडा, सासऱ्याचीच काच आहे तुमच्या." बर्नर पेटवताना पोरी मागे सरकल्या की, "अगं, चावत नाही तो, नुसता भाजतो." स्नेहसंमेलनात नाटुकलं असलं की शिपायांमधून पहिलं नाव याचं. रडायला सांगा, रडेल. मरायला सांगा, असा मरेल की पुढच्या रांगेतली बारकी पोरं आयांना बिलगतील.

त्याची मुलगी त्याच शाळेत नववीला. घरी तो तिला मुंगी म्हणायचा. होतीच तशी ती, अंगाने बारीक, सदा कशाच्या तरी मागे, आणि एकदा चिकटली की सुटायचं नाव नाही. शाळेत मात्र ती बापाला बाकीच्या पोरांसारखी 'मामा' म्हणायची. तो करार दोघांनी ती पाचवीत आली तेव्हाच केला होता. प्रयोगशाळेत तिच्या हातून नळी फुटली तर तो तिच्यावरही तितकाच खेकसायचा, आणि संध्याकाळी दोघं एकाच रस्त्याने हसत घरी जायची.

तर त्या वर्षी विज्ञानाला नव्या बाई आल्या. वयाने लहान, अंगात हौस फार, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही उगाच नाही. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'न्यायसहायक विज्ञान'. पोरांनी जांभया दिल्या. मग बाई म्हणाल्या, "म्हणजे चोर कसा पकडायचा त्याचं शास्त्र," तशी सगळी बाकं पुढे सरकली.

बेत असा होता. विज्ञान प्रदर्शनात शाळेला मिळालेला फिरता चषक प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात होता. वर्षभर जिंकणाऱ्या शाळेने ठेवायचा आणि पुढच्या प्रदर्शनात सगळ्यांदेखत परत करायचा, असा तो मानाचा चषक. तो 'चोरीला' जाणार. चोर मागे खुणा ठेवणार. संशयित चौघं: मुख्याध्यापक, हेडक्लार्क, खेळाचे सर आणि ॲसिडमामा. पोरांनी खुणा गोळा करायच्या, चौघांच्या ठशांशी ताडून बघायच्या आणि चोराचं नाव पुराव्यानिशी सांगायचं.

संशयित व्हायला चौघंही तयार झाले. पण खरा चोर कोण होणार? मुख्याध्यापक म्हणाले, पदाची शान राहत नाही. खेळाचे सर म्हणाले, पोरं मग मैदानावर ऐकणार नाहीत. हेडक्लार्क म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. तो म्हणाला, "आमच्या घराण्यात असले खेळ कोणी खेळले नाहीत." ॲसिडमामा दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "बाई, मला करा ना चोर. माझ्या घराण्यात घराणंच नाही." सगळे खो खो हसले आणि चोर ठरला.

बाई आणि ॲसिडमामा दोघांनी मिळून गुन्हा रचला, तोही मोठ्या मजेत. ॲसिडमामाने उजव्या हाताचा अंगठा कपाटाच्या काचेवर दाबला. त्या अंगठ्यावर जुन्या काचेच्या जखमेचा आडवा व्रण होता, त्यामुळे ठसा लाखात ओळखू येणारा. खिडकीखाली माती पसरून त्यात बूट उमटवला. कोटाचा निळा धागा कडीत अडकवला. बाईंनी चषक मागच्या कोठीत, ऊर्ध्वपातित पाण्याच्या मोठ्या बरणीमागे नेऊन ठेवला. "हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक, मामा," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीलासुद्धा सांगायचं नाही."

"माझ्या बायकोला सांगत नाही मी काही, मुलीचं काय घेऊन बसलात!"

आठवडाभर नववीच्या वर्गात दुसरा विषय नव्हता. पोरांनी पेन्सिलीची शिसं खलात कुटून काळी भुकटी केली, मऊ ब्रशने ती काचेवर फिरवली, ठसा उठल्यावर चिकटपट्टीने उचलून पांढऱ्या कार्डावर लावला. मातीतल्या बुटात प्लास्टर ओतलं. धागा सूक्ष्मदर्शकाखाली घातला. बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजून मोजून पोरांचे डोळे चक्रावले. बाई एकच वाक्य घोकून घ्यायच्या, "माणूस बघायचा नाही, पुरावा बघायचा. ओळखीचा असेल तर आणखी कडक बघायचा." मुंगीने ते वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. घरी ती बापाकडे बघून गालातल्या गालात हसायची, पण चकार शब्द काढायची नाही. ठशाचं काम तिच्या गटाकडेच होतं, आणि तो व्रण तिने ओळखला नसेल असं कसं होईल? पण बाईंनी सांगितलं होतं ना, ओळखीवर जायचं नाही. म्हणून तिने चारही कार्डं भिंगाखाली रेघ न् रेघ तपासली. बापाला एवढा अभिमान वाटत होता की परीक्षानळ्या धुताना तो शीळ घालायला लागला.

शनिवारी निकाल. वर्ग प्रयोगशाळेत जमला, मुख्याध्यापक खुर्चीवर बसले. मुंगी उभी राहिली. शब्द एकही अडखळला नाही. काचेवरचा ठसा उजव्या अंगठ्याचा, चक्राचा, मधून आडवा व्रण गेलेला. चौघांपैकी एकाच्याच अंगठ्याशी जुळतो. बुटाची टाच डावीकडून झिजलेली. धागा निळ्या सुती कापडाचा. "म्हणून आमच्या गटाचा निष्कर्ष असा, की चषक प्रयोगशाळेतल्या मामांनी चोरला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि ॲसिडमामाने काय करावं? धाडकन गुडघ्यांवर बसला, कोट तोंडावर ओढला आणि असा गळा काढला की काय सांगू! "पकडलं हो पकडलं! पोटच्या पोरीनं पकडलं! मीच तो पापी!" पोरं पोट धरून हसत होती. मुख्याध्यापकांचा चष्मा ओला झाला.

बाई हसत हसत कोठीत गेल्या, चषक आणायला. बाहेर आल्या त्या रिकाम्या हातांनी.

"मामा, पुरे आता. कुठे ठेवलात?"

"काय?"

"चषक. बरणीमागे नाही."

तो उठला, कोठीत गेला. बरणी होती. तिच्यामागे धुळीत वाटोळी खूण होती आणि चषक नव्हता. बाहेर येऊन तो म्हणाला, "आईशप्पथ, बाई, मी हात लावलेला नाही."

आणि पोरं आणखी जोरात हसली! मागून कोणीतरी ओरडलं, "चोराच्या उलट्या बोंबा!" हे असं असतं बघा. आयुष्यभर ज्याने लोकांना हसवलं, त्याला खरं बोलायची सोय राहत नाही. तो हात जोडून म्हणत होता, "अहो, खरंच नाही," आणि जितकं म्हणत होता तितका हशा वाढत होता. सगळ्यांत आधी हसू थांबलं ते मुंगीचं. करार बिरार विसरून ती त्या सगळ्या गोंगाटात ओरडली, "बाबा!"

मग बाईंचा चेहरा पोरांना दिसला आणि खोली गप्प झाली.

मुख्याध्यापकांच्या खोलीत पंखा फिरत होता तरी ॲसिडमामाच्या मानेवरून घाम निथळत होता. मुंगीच्या गटाची कार्डं टेबलावर मांडलेली. बाई म्हणाल्या, "सर, हा पुरावा मी पेरलेला आहे. याला काही अर्थ नाही."

"मान्य. पण चषक कुठे ठेवलाय हे कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"मला आणि मामांना," बाई म्हणाल्या.

"कोठीची किल्ली?"

"माझ्याकडे असते," ॲसिडमामा म्हणाला. "आणि एक इथं ऑफिसात."

"ऑफिसातली ऑफिसातच आहे," मुख्याध्यापकांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. माणूस वाईट नव्हता, पण पुढच्या प्रदर्शनात इतर शाळांसमोर रिकाम्या हातांनी उभं राहायचं या कल्पनेनेच त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मामा, मी पोलिसांना बोलावत नाही. सोमवारपर्यंत विचार करा. चषक जागेवर आला तर कोणी कोणाला काही विचारणार नाही. नाही आला तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. तोवर किल्ल्या इथं द्या."

विचार करा म्हणे! कशाचा विचार करायचा त्याने? पट्ट्याला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा सुटेना, शेवटी बाईंनी मदत केली. बाहेरच्या वऱ्हांड्यात त्या हळूच म्हणाल्या, "मामा, काही अडचण होती का? मला सांगा, मी कोणाला..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. एवढ्यानेही व्हायचं ते झालं. त्याला वाटलं, सरांचं ठीक आहे, सर दूरचा माणूस. पण आपण दोघांनी मिळून तो ठसा उमटवला ना, बाई? ज्याची जीभ कधी थांबली नाही, तो मान खाली घालून घरी गेला.

घरी बायको भडकली. "कोणी सांगितलं होतं चोराचं सोंग घ्यायला? तुम्हाला नसत्या उठाठेवी फार! बाकीचे तिघं शहाणे, म्हणून नाही म्हणाले." मग तिला रडू आलं. "कर नाही त्याला डर कशाला," ती पदराने नाक पुसत म्हणाली, "सोमवारी मी येते तुमच्याबरोबर. बघते कोण बोलतो ते." तिने एकदाही विचारलं नाही, तुम्ही घेतला का म्हणून. ते तिच्या डोक्यातच आलं नाही.

मुंगी मात्र ताटातलं चिवडत बसली. मध्येच मान वर करून बापाकडे बघायची, आणि त्याने बघितलं की नजर खाली. त्याला वाटलं, पोरीला अपराधी वाटतंय, आपणच बापाचं नाव घेतलं म्हणून. तो म्हणाला, "मुंगे, तुझा काही दोष नाही हो. तुझं काम तू चोख केलंस." ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ पाणी सोडून बसली.

रविवारी घरात बसवेना म्हणून तो बाहेर पडला. उगाच दोन रस्ते फिरला. शाळेतले खेळाचे सर समोरून येताना दिसले, त्यांनी सायकल दुसऱ्या गल्लीत वळवली. झालं! बातमी मैदानापर्यंत पोचली होती. तो परत फिरला. बायको शेजारणीकडे गेलेली, मुंगी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. स्वेटर काढावा म्हणून त्याने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, आणि हात तसाच थांबला.

पेटीच्या कडीवर काळी भुकटी होती.

पुसायचा प्रयत्न झाला होता, पण शिसाची भुकटी फडक्याने जात नाही, आणखी पसरते. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? शाळेतली सगळी टेबलं त्यानेच पुसली होती आठवडाभर. त्याने पेटी उघडली. कपड्यांच्या घड्या जरा जास्तच नीट होत्या. मग तो घरभर फिरला. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीच्या कडेला, कपाटाच्या मुठीला, त्याच्या कामाच्या पिशवीच्या चेनला, जिथं जिथं चषक मावला असता तिथं तिथं बारीक काळा माग होता. बापाने या वस्तूंना शेवटचा हात कधी लावला, ताजा कधी, जुना कधी, हे पोर शोधत होती. ते भुकटीने कळत नाही, बाईंनी तेवढं शिकवलंच नव्हतं. तो पेटीवर बसला. मुख्याध्यापकांनी किल्ल्या घेतल्या तेव्हा तो उभा तरी राहिला होता.

गच्चीवरून पावलं वाजली तसा तो उठला. ओलं फडकं घेऊन त्याने कडी घासून लख्ख केली आणि पेटी आत सारली. मुंगी दारात आली. तो म्हणाला, "वाळले का कपडे?" ती म्हणाली, "वाळतील." एवढंच बोलणं झालं.

सोमवारी काय झालं ते ऐका, आणि हसायचं की रडायचं ते तुम्हीच ठरवा. हेडक्लार्क मेहुण्याचं लग्न उरकून कामावर आला. शुक्रवारी दुपारीच रजेवर गेला होता, त्यामुळे कुठलाच गोंधळ त्याच्या कानावर नव्हता. मुख्याध्यापकांच्या खोलीत बायकोसह उभ्या असलेल्या ॲसिडमामाला बघून म्हणाला, "काय मामा, आज जोडीनं?" मग सगळं ऐकल्यावर त्याने कपाळावर हात मारला.

"अहो सर, चषक नाव कोरायला दिलाय! परत करण्याआधी शाळेचं नाव कोरून घ्या, असं तुम्हीच नाही का सांगितलं? ऑफिसातली किल्ली घेऊन कोठीत खडूची खोकी आणायला गेलो तर बरणीमागे दिसला. म्हटलं, बरा सापडला, नाहीतर तुमचा खेळ संपेपर्यंत काम अडलं असतं. जाता जाता दुकानात टाकला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मुख्याध्यापक एकदा लाल झाले, एकदा पांढरे. खुर्चीतून उठून त्यांनी ॲसिडमामाचे दोन्ही हात धरले. बाई रडल्याच. म्हणाल्या, "मामा, माझं चुकलं. माझ्या मनात आलं, हेच चुकलं." बायको तेवढ्यात हेडक्लार्कला चार शब्द सुनावून मोकळी झाली होती. नववीच्या वर्गात जाहीर माफी झाली, पोरांनी बाकं वाजवली, किल्ल्यांचा जुडगा पट्ट्यावर परत आला. मधल्या सुट्टीत एका पोराने विचारलं, "मामा, रडून दाखवा ना परत, परवासारखं!" तो म्हणाला, "चला, नळ्या ठेवा जागेवर." पोराला वाटलं, मामा आज घाईत आहेत.

संध्याकाळी बायको सुटल्या जिवाने शेजारणीला सगळी हकिगत सांगायला गेली. मुंगी अभ्यासाचं पुस्तक उघडून भिंतीला टेकून बसली होती. पान काही उलटत नव्हतं. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"पेटी तू उघडलीस ना?"

तिने मान हलवली. मग एकदम सगळं बाहेर आलं. "मला सिद्ध करायचं होतं, बाबा, की तुम्ही नाही घेतला. घरात नाही, हे मी बघितलं असतं, लिहिलं असतं, सरांना दाखवलं असतं. नुसतं 'माझे बाबा तसे नाहीत' म्हटलं तर कोण ऐकणार होतं? सगळे हसतच होते."

"कळलं," तो म्हणाला. पुढचा प्रश्न विचारू नये, हे त्याला पक्कं कळत होतं. प्रकरण मिटलं होतं, चषक सापडला होता, पोर बिचारी बापासाठी झटली होती. पण रविवारपासून तो प्रश्न त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

"आणि पेटीत सापडला असता तर?"

दुसरी कोणी असती तर पटकन म्हणाली असती, छे, बाबा, असं कसं झालं असतं! पण मुंगीला खोटं बोलता येत नव्हतं. त्यानेच तिला तसं वाढवलं होतं. ती विचार करायला लागली, आणि तो तिचा चेहरा बघत राहिला.

"सांगितलं असतं," ती शेवटी म्हणाली. "बाईंना."

"बरोबर," तो म्हणाला. "बरोबर आहे तुझं." ते बरोबर होतंच. ती 'लपवला असता' म्हणाली असती तर त्याला तिची लाज वाटली असती. आणि तरीसुद्धा त्याला तेच ऐकायचं होतं. म्हातारा झालो तरी अक्कल नाही आपल्याला, असं त्याच्या मनात आलं.

"रागावलात?"

"नाही गं. लागलं मात्र फार."

तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. एरवी तिच्या डोळ्यांत पाणी येण्याआधीच त्याचा हात तिच्या डोक्यावर जायचा. आजही गेला, पण जरा उशिराने. तो उशीर दोघांनाही कळला.